धवले ठेवायला घेतलेला कॉम्प्युटर

आई, तुझ्या आवाजासाठी मी एक कॉम्प्युटर घेतला, तोही वापरलेला. तू असतीस तर आधी मला वेड्यात काढलं असतंस आणि मग दुकानदाराला.

लग्नांत तू धवले, ती विधींची गाणी, म्हणायचीस, त्यांची एकुलती एक कॅसेट तू गेल्यावर दादा मुंबईला घेऊन गेला. ‘कॉम्प्युटरवर उतरवलीय, माझ्याकडे सुरक्षित आहे,’ असं तो वर्षानुवर्षं सांगायचा. पाठव म्हटलं की मात्र ‘शोधतो’. सुरक्षित असलेली वस्तू शोधावी का लागते? माझी खात्री होती, त्यानं ती घालवली. शेवटी मीच म्हटलं, ‘मी घरात एक मशीन लावते. सगळ्यांचे फोटो, आवाज त्यात राहतील, सगळ्यांना बघता येतील. तुझ्याकडचं घेऊन ये.’ तो हसला. ‘तिथं नागावच्या घरात? लाईट तरी टिकते का?’

म्हणून दिवसरात्र चालू राहील, इन्व्हर्टरवर निभेल आणि बिल वाढवणार नाही असं काहीतरी हवं होतं. अलिबागचा दुकानदार मला मोठं धूड दाखवायला लागला. ‘ताई, यावर गेमपण चालतील.’ मला गेम खेळायचे नाहीत, म्हटलं. मग त्यानं कुठल्यातरी ऑफिसातून आलेला, जेवणाच्या डब्याएवढा एक काढला. स्वस्त, आवाज नाही, वीज बल्बाएवढी. इतकं गोड जुळलं की मला शंकाच आली. लहानपणी मी बाजारातून मऊ पडलेलं पापलेट आणलं, तेव्हा ओट्याशी तू ओरडली होतीस, ‘चकाकी बघून घेतलंस व्हय? कल्ले कोण उघडून बघणार, तुझा बाप?’ मी त्याला झाकण उघडायला लावलं. खाऱ्या हवेनं कुठं गंज चढलाय का ते पाहिलं.

‘आतली डिस्क?’

‘नवीच आहे समजा.’

‘समजा म्हणजे?’

त्यानं झाकण परत लावलं. डिस्क मी नव्या घेतल्या, दोन, एक गेली तर दुसरीत राहावं म्हणून.

दादा मांडव्याला बोटीनं उतरून आला. मला वाटलं, आता नवी सबब सांगणार. त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. फाईल उतरली, तरी ती भलत्याच कुणाच्या गाण्याची असेल असं मला वाटत राहिलं.

‘माझ्यावर विश्वास न्हाय ना तुझा? लाव मग.’

मी लावली. तू घसा खाकरलास. मग विचारलंस, ‘चालू झालं का रं?’ दादानं पुढं वाकून ती बंद केली.

‘पाठवायची म्हणून उघडायचो,’ तो म्हणाला, ‘आणि इथंच थांबायचो.’

खरं असेल. तरी तो मांडव्याला निघाल्यावर, फाईल जागेवर आहे ना, ते मी पुन्हा जाऊन बघितलं. पुढचं अजून ऐकलेलं नाही.