उलटी भरलेली पेटी

मी, विजयमाला अरविंद खानविलकर, वय ७४, निवृत्त भूवैज्ञानिक, राहणार सानपाडा, नवी मुंबई, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं आहे. डोकं मात्र ठणठणीत आहे. मुलगा केयूर म्हणेल, जरा जास्तच.

१. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे, तो केयूरला. बँकेतली ठेव सून वैदेहीला, तिच्या एकटीच्या नावावर. केयूर, तोंड वाकडं करू नकोस. माझ्या आजारपणात माझं सगळं तिने केलं, तू बंगळूरहून फोन केलास.

२. हातोडा, भिंग आणि होकायंत्र भूशास्त्र शिकवणाऱ्या कोणत्याही कॉलेजला द्यावे. काचेच्या कपाटात मांडून ठेवणार असतील तर देऊ नये.

३. माझ्या दगडांनी बाल्कनी कोसळेल, असं सोसायटीच्या चिटणिसांनी मला तीनदा लेखी कळवलं. बाल्कनी शाबूत आहे. त्यांना मी माफ केलं आहे, पण दगड सावकाश हलवावेत.

४. पलंगाखालची लाकडी पेटी सुचित्रा कोळी हिला. हे कलम लांबणार, इलाज नाही.

पेटीत बोअरमधून काढलेल्या दगडाच्या कांड्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीची वाळू, मधेमधे चिखलाचे पापुद्रे. वाळूचे थर काही जाड, काही पातळ, पुन्हा जाड. दिवाळे गावची सुचित्रा तेव्हा माझ्या हाताखाली नवीन होती. ती म्हणाली, "मॅडम, ही नदीच हाय, वळनावरची. पन भरती इथवर यायची. पानी थबकलं की चिखल बसतो. उधानाच्या मोठ्या भरतीला थर जाड, भांगाच्या लहान भरतीला पातळ. आमच्या खाडीत रोज बगते मी."

नदी वळणाच्या आतल्या काठाला वाळू टाकते ती खाली भरड, वर बारीक. माझ्या पेटीत वाळू वर भरड होत गेलेली. म्हणजे नदी नव्हेच, हा समुद्रातला वाळूचा बांध, जिथे भरड वाळू वर असते, असं मी ठरवलं. तिच्या अहवालावर लाल शाईने 'गावगप्पा' असं लिहिलं आणि चारचौघांत वाचूनही दाखवलं. तिने नोकरी सोडली. आता शाळेत भूगोल शिकवते. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

कार्यालय जुन्या पेट्या टाकून देत होतं, तेव्हा ही मी रीतसर मागून घरी आणली. तीन वर्षांपूर्वी कांड्या ओल्या फडक्याने पुसून भिंग लावलं. चिखल वाळला की वरून तडकतो, म्हणून भेगा वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. इथे सगळ्या उलट्या! कांड्या भरणारी मी, वरची बाजू दाखवणारे बाण काढणारीही मीच. अख्खी पेटी मी उलटी भरली होती. सुलटी लावली आणि वाळू वर बारीक होत गेली.

तेव्हापासून फोन करायचं धाडस झालं नाही. म्हणून माझ्या मागे पेटी तिला पोहोचवावी आणि हे कलम वाचून दाखवावं. सुचित्रा, तुझं बरोबर होतं. मी चुकले, आणि वर तुझाच अपमान केला. मला त्याचं फार वाईट वाटतं गं.

५. माझे दिवस वगैरे घालू नयेत.

दुरुस्ती: वरचा मसुदा टाइप करायला केयूरला दिला होता. कार्ट्याने कलम ४ सुचित्राला फोनवर वाचून दाखवलं. आज सकाळी ती दारात उभी! जमिनीवर बसून तासभर कांड्या पाहिल्या, मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या मरायची वाट कशाला बगायची? आत्ताच द्या." मी रडले. तीही रडली. वैदेहीने दोनदा चहा केला.

ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये, असं वकील म्हणतात, आणि सुचित्राला सही करायचीच आहे. तेव्हा कलम ४ मधलं देणं रद्द, पेटी माझ्या हातांनी देऊन झाली. चुकीची कबुली मात्र कायम राहील.

सानपाडा, नवी मुंबई
दि. १६ नोव्हेंबर २०२५

(सही) विजयमाला अ. खानविलकर

आमच्या समक्ष सही केली:
१. (सही) प्रसाद दामले, शेजारी
२. (सही) सुचित्रा कोळी, दिवाळे गाव, शिक्षिका
('शिक्षिका'च्या आधी 'भूवैज्ञानिक' वाचावे. वि. खा.)