डाव्या कानाचे आकडे

मंगळवार, २ मे २००६. सांता क्लारा

थिएन पुन्हा तेच म्हणाला. 'एमेट, नव्या प्रोसेसरवर तुझा प्रोग्राम आकडे उलटे वाचतोय. नीट ऐकू येणारं पोर डाव्या कानाने बहिरं दाखवतोय.'

माझ्या टेबलावरही नवंच मशीन आहे. त्याच पोराची फाइल उघडली — आलेख स्वच्छ. दोनदा. त्याला बोलावून दाखवलं. म्हणाला, 'मग काय, प्रत्येक दवाखान्यात तुझं मशीन पाठवायचं?' हसत गेला. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, ५ मे

भांडण जुनं आहे. संगणक बनवणाऱ्यांनी प्रोसेसर बदलला. जुने प्रोग्राम नव्या मशीनवर चालावेत म्हणून सोबत एक दुभाष्या दिला — जुन्याची भाषा ऐकून नव्याला समजेल अशी सांगणारा. थिएनचं मत, वर्षभर त्याच्यावर काढू, घाई कशाला. जानेवारीच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, दुसऱ्याच्या तोंडून बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो! दुभाष्या त्यांचा आहे. मनात येईल त्या दिवशी काढून घेतील. मग मुलांचे कान तपासणाऱ्या आपल्या प्रोग्रामचं काय? इतिहास उघडून बघा, उसन्या दयेवर कोणतं राज्य टिकलं?

डोरीनने टाळ्या वाजवल्या. कंपनी तिची. प्रोग्राम नव्याने बांधायचं काम मला दिलं. आता एकाच डिस्कवर दोन रूपं असतात, जुन्या प्रोसेसरसाठी जुनं, नव्यासाठी नवं. मशीन आपलं आपण उचलतं. तपासणी थिएनकडे. नवी मशीनं दोनच — एक माझं, एक त्याचं.

म्हणजे वादात हरलेला माणूसच माझं काम तपासतोय.

मंगळवार, ९ मे

दुपारी सूपच्या दुकानात थिएन दिसला, एका सूटवाल्याबरोबर. मला बघताच दोघं गप्प. संध्याकाळी विचारलं, कोण होता?

'मेव्हणा. विमा विकतो. तुला हवाय?'

विमेवाला! आमच्या स्पर्धकाकडेही सूट घालणारे पुष्कळ आहेत.

शुक्रवार, १२ मे

चुका फक्त त्याच्या मशीनवर. कायम त्याच्याच.

बुधवार, १७ मे

बैठक माझ्या टेबलाभोवतीच झाली. डोरीनने स्वतः चाळीस फायली उघडल्या. एकही चूक नाही.

थिएन म्हणाला, 'गडबड एमेटच्या मशीनमध्ये आहे. काय ते मला सापडत नाहीये. आठवडा द्या, तिसरं मशीन मागवू.'

'दवाखाने महिनाभर थांबलेत,' डोरीन म्हणाली.

मी बोलायला उठलो. किती वेळ बोललो कोण जाणे. ज्याला हे काम फसायला हवंय त्याच्या हाती तपासणी कशी ठेवता — एवढं वाक्य आठवतंय. कोणी मान वर केली नाही. शेवटी डोरीन म्हणाली, 'थिएन, तू घरी जा. उद्यापासून येऊ नकोस. डिस्का सोमवारी निघतील.'

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. 'भाषण छान झालं रे. पोरांना ऐकू गेलं असेल.'

खरं बोलताना माणसाचा आवाज असा शांत असतो का? छे. ही तयारीच असते.

सोमवार, २२ मे

डिस्का गेल्या.

मंगळवार, २३ मे

नव्या प्रोग्रामचा वेग मिरवावा म्हणून मोजायला बसलो. जुन्याहूनही संथ. प्रोग्रामच्या माहितीची खिडकी उघडली. 'दुभाष्यामार्फत चालवा' — चौकोनात खूण. मार्चमध्ये तुलनेसाठी मीच केलेली. काढायची राहिली. अडीच महिने माझ्याकडे जुनं रूपच चालत होतं.

खूण काढली. फाइल उघडली. डावा कान बहिरा.

डोरीनला सांगितलं. मग थिएनला फोन लावला, एका दमात सगळं बोललो.  तो म्हणाला, 'डिस्का किती दवाखान्यांत पोचल्यात?'