गेर्डाच्या भोपळ्यातली साळुंकी

३ मार्च २००७, शनिवार
गार्टन, म्हणजे आमचा भाड्याचा बागेचा तुकडा, उघडलं. झोपडीत उंदरांनी पोतं कुरतडलंय. ह्यांना म्हटलं होतं पत्र्याचा डबा आणा. आणला नाही.
दुपारी गेर्डाच्या चेरीवरून शिट्टी आली. दोन सूर वर, एक खाली. शेजारच्या वाफ्यात म्हातारा हेर लांग, म्हणजे लांगसाहेब, खणत होता. त्यानं फावडं ठेवलं, हातमोजे काढले आणि कॉफीला म्हणून झोपडीकडे वळला. दोन पावलं गेला, मग थांबला. परत मोजे घातले.
गेर्डा, त्याची बायको, त्याला अशीच शिट्टी मारून बोलवायची. रोज. ऐकून ऐकून साळुंकीनं उचलली. इकडे जर्मनीत श्टार म्हणतात, काळी, ठिपक्याठिपक्यांची. मी साळुंकीच म्हणते. गेर्डा ऑक्टोबरात गेली. साळुंकीला कोण सांगणार.
मी काही बोलले नाही. मी! हे म्हणाले, बरी आहेस ना?

१० मार्च, शनिवार
पोपट आले. हिरवे, लाल चोच, गळ्यात काळी रेघ. थेट आपल्याकडचे. कुणाचे तरी पिंजऱ्यातून सुटले आणि आता मॅनहाइमभर झालेत. जोडी गेर्डाच्या भोपळ्यावर. भोपळा म्हणजे माझाच, बियांसाठी वेलावर ठेवलेला दुधी. वाळून खडखडीत झाला तेव्हा गेर्डानं मागून घेतला, भोक पाडून चेरीला टांगला. तेव्हापासून साळुंकी दर वर्षी त्यातच.
आता पोपट भोक कुरतडून मोठं करताहेत. साळुंकी कुंपणावर बसून शिव्या देतेय. बाकी काय करणार, चोच केवढी!
हे खूश. "अगं बघ, आपल्या गावचे!"
म्हटलं, गावचे आहेत म्हणूनच ओळखते. माहेरी पेरूच्या बागेत एक फळ धड ठेवायचे नाहीत. एक चावा की टाक खाली.
म्हातारा खिशात हात घालून नुसता बघत होता. मला विचारलं, "गेली तर ती परत येते का?" मला काय माहीत. म्हटलं, येते.

११ मार्च
कशाला म्हटलं येते.

१७ मार्च, शनिवार
गार्टनच्या फराइनची, म्हणजे मंडळाची, बाई आली. पोपट पकडायची परवानगी काढलीय तिनं. इजा करायची नाही, सापळा लावला की तिथून हलायचं नाही आणि पोपट पार्कमधल्या पक्षीघरात पोचवायचे.
आल्झो, तर मग पकडणार कोण? सगळे बुटाकडे बघायला लागले. म्हटलं मी.
बाई म्हणते, "पण फ्राउ जाधव, ते तर तुमच्या देशातले. तुम्हाला वाईट नाही वाटणार?"
म्हटलं, तुमच्या देशातले उंदीर माझ्या झोपडीत आहेत. तुम्हाला वाटतं का वाईट?
म्हातारा खोकल्यासारखं करून हसला.
संध्याकाळी ह्यांनी सापळा केला. दुसरा वाळका दुधी, आत पत्र्याची झडप, झडपेला काडी. पक्षी आत शिरला, काडीवर बसला की झडप पडते. कारखान्यात फिटर आहेत, हात चालतो. फक्त तोंड त्याहून जास्त चालतं. झडप अडकत होती ती मी खोबरेल लावून सोडवली. ते नाही सांगणार कुणाला.

२४ मार्च, शनिवार
लेक मनू कार्ल्सरूहेहून आली. धुण्याची पिशवी घेऊन, दुसरं काय.
सापळ्यात हिरव्या मिरच्या ठेवल्या. पोपटाला मिरची घालायची हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. शिवाय साळुंकी मिरचीला शिवणार नाही, म्हणजे चुकून अडकायची नाही. चांगलं डोकं लावलं होतं.
सकाळभर झोपडीच्या खिडकीत बसले. नर आला. मिरची उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि टाकली खाली. माझ्याकडे बघून टाकली.
मनू हसून हसून लोळली. "मामा, डी झिंट हिअर गेबोरन!" इथेच जन्मलेत म्हणे. आईला मामाच म्हणते ती, इकडच्यासारखं.
म्हटलं, हो ना, तूही इथलीच. पोह्यातली मिरची ताटाच्या कडेला काढतेस.
हे म्हणाले, दोघी गप्प बसा, पोपट घाबरतील.

१ एप्रिल, रविवार
मिरची बंद. सफरचंद ठेवलं. सफरचंद सगळेच खातात हे डोक्यात आलं नाही. घाई.
झडप पडली. धावले. "सापडला, सापडला!" म्हातारा पण कुंपणाशी आला. झाकण उघडून हात घातला तर आत काळं, ठिपक्याठिपक्यांचं.
साळुंकी.
इतकीशी. मुठीत नुसती धडधडत होती. ओरडली ती माणसासारखी. सोडली तशी रेल्वेच्या रुळांवरून पार पलीकडे गेली. मागे वळून बघितलं नाही.
म्हातारा म्हणाला, "ना या." म्हणजे, जाऊ दे. एवढंच. खुर्ची घडी केली, आत ठेवली, कुलूप लावलं.
मीही सापळा उतरवला. घरी ह्यांना बोलले, तुमची झडप वाईट. सफरचंद माझंच होतं.

८ एप्रिल, रविवार. ईस्टर
शिट्टी नाही. म्हातारा नाही. पोपट मात्र आहेत, भोपळ्यात डोकं घालून बसलेत जसं काही घर नावावर केलंय.
मेथी पेरली. कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. हे दोनदा चहा घेऊन आले. दोन्ही गार झाले.

११ एप्रिल, बुधवार
कामावर कँटीनमध्ये भांडी धुताना सुचलं. शेंगा! टरफलासकट. साळुंकीच्या चोचीला टरफल फुटत नाही, पोपटाला खेळ. तुर्की दुकानातून आणल्या. इतके दिवस हे डोकं कुठे होतं.

१४ एप्रिल, शनिवार
सापडली! मादी. भट्टीचा जाड हातमोजा घातला तरी अंगठा फोडला. हे म्हणे, "चीज, चीज म्हण, फोटो काढतो." म्हटलं आधी टोपली धरा.
मांजराच्या टोपलीत घालून ट्रामनं पक्षीघराला. सगळी ट्राम आमच्याकडे बघतेय आणि ही आत किंचाळतेय. म्हटलं, गप बस. माझ्या पेरूंचा हिशेब आहे. मग एक शेंग दिली. खाल्ली. सोलून, टरफल माझ्या मांडीवर टाकून.
वाटलं होतं वाईट वाटणार नाही. तिथल्या जाळीत सोडताना थोडं वाटलं.

१५ एप्रिल, रविवार
नर सकाळपासून चेरीवर बसून हाका मारत होता. ऐकवेना. दुपारी स्वतःच शेंगांना आला. तोही नेऊन तिच्याशेजारी सोडला. चिकटून बसले. बरं झालं.
ह्यांनी गेर्डाच्या भोपळ्याच्या भोकावर लोखंडी वायसर, मधे भोक असलेली चकती, बसवला. साळुंकीपुरतं भोक. आता कुरतडा म्हणावं.

२२ एप्रिल, रविवार
भोपळ्यात साळुंक्या! जोडी. गवत नेताहेत. हेर लांगच्या घरी जाऊन बेल दाबून सांगितलं. आला. खुर्ची उघडली. तासभर ऐकत बसला.
नर ट्रामच्या ब्रेकसारखा ओरडतो. बेडकासारखा ओरडतो. कुणाच्या तरी मोबाईलची घंटी वाजवतो. शिट्टी नाही.
"हा दुसरा आहे," म्हातारा म्हणाला.
म्हटलं थांबा. आधीच्यानं तरी कुठून शिकली? आईच्या पोटातून?
"गेनाऊ, बरोबर," म्हणाला. पण तो उठायला लागला होता.
मग मीच शिट्टी मारायला गेले. नुसती फुंकर. माहेरी मुलीनं शिट्टी मारली की आई लाटणं घेऊन धावायची. शिकणार कधी?
म्हटलं, तुम्हीच मारा की. तर त्यानं दात काढून दाखवले. कवळी. वारा सगळा बाजूनं जातो.

२९ एप्रिल
शिकतेय. हे म्हणतात, कुकरच्या तीन शिट्ट्यांनी डाळ शिजते, तुझ्या तीनशेनं नाही शिजायची. मनूला फोनवर ऐकवली. म्हणे, मामा, काय गळतंय?

५ मे, शनिवार
पहिली आली. खरीखुरी, जोरात. मीच दचकले. म्हातारा वाफ्यातून ओरडला, "खाली! तिसरा सूर अजून खाली!" तोंडानं गुणगुणून दाखवला. पुन्हा मारली. "नाइन, तसं नाही, गेर्डा लाडात यायची शेवटी." म्हटलं, लाड मला जमत नाहीत, सूर घ्या.
हसला. कवळी सांभाळत हसला.
आता ठरलंय. मी शिट्टी मारायची, त्यानं कॉफी आणायची. साळुंकी ऐकतेय की नाही, तिचं ती जाणे.

१३ मे
पाऊस. गार्टन नाही. स्वयंपाकघरात शिट्टी मारली, हे कॉफी घेऊन आले! आम्ही दोघंही हसलो.

२६ मे, शनिवार
पिल्लं वायसरमधून तोंड काढतात. नुसत्या पिवळ्या चोची. आई-बाप किडे आणून आणून वाळलेत. मेथी वर आली, भेंडी रडतेय. मनू आली होती, मिरचीची भजी केली. तिनं आपणहून एक अख्खी खाल्ली आणि दोन पेले पाणी प्यायली. म्हातारा केक घेऊन आला, दुकानातला, बेचव. गेर्डाचा कसा असायचा. तरी दोन तुकडे घेतले.
तो कॉफी ओतत होता आणि शिट्टी आली. दोन सूर वर.
त्यानं माझ्याकडे बघितलं.
माझ्या तोंडात केक होता.
तिसरा सूर नाही आला. दोघंही तशीच बसलो, किटली त्याच्या हातात, मान वर करून. मग बेडूक वाजला, मग ट्राम.
म्हातारा म्हणाला, उद्या येतो. हल्ली रविवारी येत नाही तो.
उद्या भेंडीला पाणी. केक मी करून नेते.