वाकड्या शिंगाची मालकी

ती. उलबोसुनताईस,

धाकट्या सायकालचा वाकून सलाम. तुझे गुडघे, मेंढ्या आणि भाऊजी (याच क्रमाने विचारते, राग नको) बरे असतील. मी मजेत आहे. फक्त जिपार जाऊबाईंशी आठ दिवस अबोला आहे आणि त्यांच्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

झालं असं, राजधानीहून एक टायवाले साहेब आले. परदेशात कोणीतरी आपली मेंढ्याची शिंगं चपलांवर छापून विकतो आणि वर कल्पनाही स्वतःचीच म्हणून मिरवतो, तेव्हा बायांनो, आपापल्या नक्षीची मालकी लिहून घ्या, म्हणाले. आता शिंगं काय, सगळ्या आत-बाशी खोऱ्याची (मेंढ्यांना कोणी विचारलंच नाही). पण माझ्या खोलीत अंथरलेल्या शिरदाकावरचं डावं शिंग वाकडं आहे ना! त्याचा लोकरीचा नमदा कापताना शिंक आली नि कात्री घसरली. असं शिंग जगात दुसरं नाही, मी छातीठोकपणे सांगितलं. ही कल्पना आली कुठून, असं साहेबांनी विचारलं, म्हणून मी रीतीप्रमाणे सात पिढ्यांपासून सुरुवात केली. चौथ्या पिढीपाशी त्यांनी टाय सैल केला.

एक मात्र मी साफ विसरले. आपण लाल आणि निळा थर एकावर एक ठेवूनच कापतो. लालातलं शिंग निळ्यात बसतं, निळ्यातलं लालात. म्हणजे प्रत्येक शिरदाकाला जुळं भावंड असतंच! ते जुळं होतं जाऊबाईंकडे. जिपारबाईंनी ते आणून साहेबांच्या बुटांपाशी अंथरलं.

"कल्पना माझी," मी म्हटलं.

"शिंक तुझी ग बाई, पण शेजारी बसून मिरची कोण कुटत होतं?"

फॉर्मात शिंकेचा रकाना नव्हता, मिरचीचा तर नव्हताच. मग कोणी कोणाची नक्कल केली, असं साहेबांनी विचारताच आम्ही दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडलो. ते गेल्यावर अबोला पुन्हा सुरू केला. सोमवारी साहेब परत येऊन कागद कोणा एकीच्याच नावावर करणार आहेत.

भाऊजींना सलाम.

तुझी कल्पक बहीण,
सायकाल

ता.क. आईने तुला लग्नात दिलेला शिरदाक सोमवारपर्यंत पेटीत दडव. आज तुझ्या लग्नाचा फोटो सापडला. त्या शिरदाकाचंही डावं शिंग बघ.

ता.क. दुसरा. दडवू नकोस, इकडे पाठव. फोटो घेऊन मीच जाऊबाईंकडे गेले. हसून हसून दोघी रडलो, तीन किटल्या चहा झाला. कागदावर आईचंच नाव घालायचं ठरलंय. तू मोठी, तुला आठवत असेल: आईलाही तिथेच शिंक आली होती का ग?