ठोंब्याची रेघ

३ जून
आज इस्पितळात रुजू झाले. खोलीला मोठी खिडकी, चहा फुकट, डॉक्टरीणबाई हसऱ्या. काम टोपीचं. टोपीतले दिवे कवटीतून मंद उजेड सोडतात, मेंदूतल्या रक्ताची हालचाल पडद्यावर रेघ होऊन उमटते. चुंबकाच्या मोठ्या यंत्रात ज्यांना नेता येत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं. आधी टोपी प्लास्टरच्या डोक्यावर तपासायची. त्याला इथे सगळे ठोंब्या म्हणतात. ठोंब्यावर जे उमटेल तो यंत्राचा दोष. तो रुग्णाच्या रेघेतून वजा करायचा.

४ जून
पहिला रुग्ण गणिताचे मास्तर. दोन वर्षं डोळे उघडलेले नाहीत. कवटीत धातूची पट्टी. वीस तारखेपर्यंतच्या रेघांवरून ठरणार, श्वासाचं यंत्र ठेवायचं की काढायचं. त्यांच्या पत्नी, काकू, त्यांच्या कानाशी मुद्दाम पाढे चुकवतात. सतरा सत्ते एकशे अठरा, चिडा की हो! रेघ टुणकन वर. काकू म्हणाल्या, बघितलंस, अजून तस्सेच खडूस आहेत. दोघी खूप हसलो.

९ जून
ठोंब्याला आणायला सारखे जिने खाली-वर करून पाय भरून आले. त्याला मास्तरांच्या उशाशीच ठेवलं.

१२ जून
काकूंनी पाढा चुकवला तेव्हा टोपी ठोंब्यावर होती. रेघ वर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष आहे, वजा कर आणि जेवायला चल. वजा केला. मास्तर सपाट.

१५ जून
वजा न करता पाहिलं. मास्तर तरीही सपाट. ठोंब्या मात्र प्रत्येक चुकीला उसळतो. बरोबर पाढ्याला गप्प. काकूंनी विचारलं, चिडले का गं? मी नाही म्हणाले.

२० जून
श्वासाचं यंत्र काढलं. काकूंनी पाढा पहिल्यांदाच बरोबर म्हटला. अहवालावर सही माझी. सही करून जेवायला गेले.

२१ जून
कपाटात जागा नाही. ठोंब्या माझ्या टेबलावर. टोपी त्याच्या डोक्यावरच.

२४ जून
आईचा फोन. म्हणाली, आवाज असा काय लाकडासारखा, रडतेस का. रडत नव्हते. पडद्यावर ठोंब्याची रेघ उसळत होती —
आई बोलत होती तोवर.

२५ जून
टोपी मी घातली. सपाट. आईचा फोन लावला. सपाट. घाबरायला हवं, एवढं कळतं, पण भीती वाटत नाही —

मोठ्याने म्हटलं, सतरा सत्ते एकशे अठरा. यात काहीतरी चूक होती, कुठली ते आठवेना. काकू हसायच्या. सतरा सत्ते एकशे —