पुढाऱ्याकडे बघायचं नाही

५ मे, सोमवार

पप्पांचं पुन्हा तेच — "सेकंड इयरला कॉलेज सोडलं, आता पोरं सांभाळ लोकांची!" ताट सरकवून निघालो.

पोरं सांभाळत नाही. सातपूर कॉलनीत मनीषाताई उन्हाळी शिबिर घेतात, तिथं सतरंज्या टाकतो, गाडीवरून पाण्याचे जार आणतो. फुकट. हर्षाली मुलांचे खेळ घेते, एवढं कारण बास.

आज 'पुढारी ओळखा'. एकानं बाहेर जायचं. बाकीच्यांनी गोल करून गुपचूप पुढारी ठरवायचा. तो कान धरेल, टाळ्या वाजवेल — सगळ्यांनी तसंच. बाहेरच्यानं येऊन पुढारी हुडकायचा. मी तीनदा चुकलो. हर्षालीनं एका फटक्यात ओळखला. मुलांना म्हणाली, "पक्के गडी पुढाऱ्याकडे बघतच नाहीत. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो पकडायचा."

७ मे

हर्षाली माझ्याकडे बघत नाही! दोन तास लक्ष ठेवलं. मुलांकडे बघते, त्या रविराजकडे बघते, पंख्याकडेसुद्धा. सतरंजी हातात दिली तरी नजर सतरंजीवर.

म्हणजे?

म्हणजे तेच! तिचा पुढारी मीच!

९ मे

रविराज ड्रॉइंग शिकवायला येतो. तिला म्हणाला, "चल, सोडतो घरी." मी त्याच्या गाडीची चावी उपटली आणि नाल्यात भिरकावली. सगळ्या मुलांसमोर. मनीषाताई — "शेखर, ही काय पद्धत झाली?" मग मीच तासभर नाल्यात हात घालून चावी शोधली. वर बघतो तर हर्षाली रिक्षानं गेलेली.

गेली, पण रविराजबरोबर नाही.

१२ मे

आजही बघितलं नाही. झकास.

१४ मे

डोळे बांधून माणूस ओळखायचा खेळ. मध्ये हर्षाली, डोळ्यांवर ओढणी. एकेकानं मागून जाऊन टाळी वाजवायची. वेदिका आठ वर्षांची, पण लय हुशार — चपला काढून गेली, हर्षाली फसली. रविराजच्या टाळीला "मनीषाताई!" म्हणाली. पोरं लोळून हसली.

तेवढ्यात मी जार घेऊन आलो. मनीषाताईंनी खुणेनं मलाच पुढं ढकललं. चार पावलं टाकली असतील. टाळीला हातसुद्धा उचलला नव्हता —

"शेखर."

पोरं ओरडली, "चीटिंग! ताईला दिसतंय!" कसलं दिसतंय? गाठ मनीषाताईंनी मारली होती. सगळ्यांत चुकली, माझ्यात नाही!

उद्या विचारून टाकतो.

१५ मे

विचारलं. "मलाच कसं ओळखलंस?"

पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"बाहेर गाडीचा स्टँड आपटतोस ना, तिथपासून कान देते. आज राग आहे का, पावलांवरून कळतं. आमचे पप्पा घरी आले की असंच ऐकते मी."

सतरंज्या घड्या घालून ठेवल्या. गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. तिथं सुरू केली.