नवे उपकरण जोडले आहे

४ फेब्रुवारी

लेकीकडे येऊन पोचलो. सामान ते काय, दोन बॅगा आणि एक छत्री. पण जावयाने असं उतरवून घेतलं की जणू मी सरकारी पाहुणा. लेक म्हणाली, बाबा, आता हेच घर, परत जायचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, नाव काढत नाही, पण चहात साखर मात्र माझ्या मापाने हवी. त्यावर ती हुबेहूब आपल्या आईसारखी बघायला लागली.

खोली मागच्या बाजूला आहे. सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. आधी इथे व्याही राहायचे, म्हणजे जावयाचे वडील. त्यांना जाऊन फार काळ झालेला नाही. कोपऱ्यात चादरीखाली त्यांची वाजवायची पेटी आहे आणि टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर. लेक म्हणाली, खुशाल वापरा, नुसता धूळ खातोय.

मला तो हवाच होता. शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळून एक पेन ड्राइव्ह आणलाय. आमची ही जायच्या आधीच्या हिवाळ्यात लेकीने मोबाइलवर आम्हा दोघांच्या कविता रेकॉर्ड केल्या होत्या. तो मोबाइल पुढे पाण्यात पडला, त्यामुळे हिचा आवाज आता जगात एवढ्या एकाच ठिकाणी आहे. शाळेत बाई एक ओळ म्हणायच्या आणि वर्ग पुढची म्हणायचा. आम्ही संसारभर तोच खेळ खेळलो. ती भाजी निवडता निवडता एक ओळ टाकायची, मी पेपराआडून दुसरी.

संध्याकाळी लावला. खंड्याची कविता लागली. तिची ओळ, माझी ओळ:

ओढ्याकाठी खंड्या बसला, पाहत होता पाणी;
पाण्यामधुनी दुसरा खंड्या शिकवी त्याला गाणी.
एक उडाला रानामध्ये, एक राहिला खाली;
कोण उडाला, कोण राहिला, ओळख कुणा न झाली.

माझ्या ओळी मी पुन्हा मोठ्याने म्हटल्या, रेकॉर्डमधल्या माझ्याच आवाजावर आवाज चढवून. चौथीच्या वर्गातल्या त्या लांब बाकावर बसल्यासारखं वाटलं. खिडकीतून चिंचेचं झाड, फळ्यावर बाईंचं वळणदार अक्षर.

६ फेब्रुवारी

आज पेन ड्राइव्ह लागेना. पडद्याच्या कोपऱ्यात पाटी आली: हे उपकरण ओळखता आले नाही.

काढला, फुंकला, परत लावला. तीच पाटी. पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला. तीच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पाटी आपली दारात उभ्या राहिलेल्या खडूस रखवालदारासारखी.

संध्याकाळी जावई बसला. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून दाखवली, तिच्यात पेन ड्राइव्हच्या जागी पिवळा त्रिकोण. तो त्रिकोण उडवला, मशीन परत चालू केलं, वायर उपटून थोडं थांबला. मग उसासा टाकून म्हणाला, बाबा, ह्याचं काही खरं नाही, मला ऑफिसची कामं आहेत. त्याच्या लॅपटॉपवर लावून बघू का, मी विचारलं. लावलं. तिथेही नाही.

८ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला येऊन गेला. तोंडात बडीशेप, एक पाय कायम दाराबाहेर. म्हणाला, आजोबा, चिप गेलीय, फेकून द्या, नवा घ्या, वाटल्यास सिनेमे फुकट भरून देतो. मी म्हटलं, माझी बायको भरून देता येते का बघा. तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

एक गोष्ट त्यालाही कळली नाही. पेन ड्राइव्ह त्याच्या हातात होता, सगळ्या खाचा रिकाम्या होत्या, आणि मी खुर्चीत टेकताच मशीन वाजलं. काही नवं जोडलं की वाजतं तसं, खालून वर जाणारे दोन सूर. पाटी आली: नवे उपकरण जोडले आहे. मी उठलो. वरून खाली येणारे दोन सूर. त्याने मला पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. म्हणाला, खाच सैल झाली असेल. पैसे न घेताच गेला.

९ फेब्रुवारी

दुपारी घरात कोणी नव्हतं. बसलो. दोन सूर वाजले. पडद्यावर एक नवी ड्राइव्ह दिसली, बिननावाची. आत एकच फाइल, नाव म्हणजे माझ्या दुसरीतल्या सुगरणीच्या कवितेची पहिली ओळ. लावली. माझाच आवाज, एकही अडखळ नाही. ही कविता मी कधीच रेकॉर्ड केलेली नव्हती. इतकी गोड म्हटलीय की डोळे भरून आले.

रात्री जेवताना लेकीला ऐकवावी म्हणून तोंड उघडलं आणि

काही नाही. सुगरण आठवते, घरटं आठवतं. शब्द नाहीत. जावई म्हणाला, होतं असं वयोमानाने. लेकीने त्याच्याकडे बघितलं, त्याने ताटाकडे.

११ फेब्रुवारी

आता बऱ्याच फाइली आहेत. रोज दुपारी वाढतात. पावसाची कविता गेली, आगगाडीची गेली. फाइल लावून मी ती वहीत उतरवून काढली, उपयोग नाही. अक्षर माझं, कविता परक्याची. वाचून संपली की हातातून पाणी गळावं तशी जाते.

त्याच कॉम्प्युटरमध्ये, तसल्याच आणखी एका बिननावाच्या ड्राइव्हवर, एक जुनं फोल्डर सापडलं. पेटीवरच्या चिजा, खच्चून भरलेल्या. जावयाला विचारलं. एकदम चिडला. म्हणाला, त्याला हात लावू नका, बाबांची तेवढीच आठवण आहे. मग जरा निवळला. म्हणाला, इतकं सुंदर त्यांनी समोर कधी वाजवलं नाही. कधी रेकॉर्ड केलं तेही कोणाला माहीत नाही. शेवटी शेवटी तर पेटीसमोर बसून विचारायचे, ह्या पांढऱ्या पट्ट्या कशासाठी असतात?

लेकीला म्हटलं, हे मशीन काढा इथून. ती म्हणाली, बाबा, असं काय करता, ह्यांना वाईट वाटेल.

१२ फेब्रुवारी

वायर उपटली. पडदा काळा. दारातून आत पाऊल टाकलं, आणि ते दोन सूर. बसलोही नव्हतो.

बाहेर सोफ्यावर झोपलो. जावई म्हणाला, लोक काय म्हणतील, सासऱ्याला सोफ्यावर झोपवतात. लेकीने अंथरूण उचलून परत आत नेऊन घातलं, जाता जाता वायरही लावून दिली.

१३ फेब्रुवारी

पेन ड्राइव्ह रुमालातच आहे, उशीखाली. हात लावून पाहिला. तरी दुपारी कॉम्प्युटरमधून ही बोलली.

ओढ्याकाठी खंड्या बसला, पाहत होता पाणी.

आणि थांबली. पुढे माझा आवाज यायला हवा, आला नाही. ती जागा रिकामी. ती माझी वाट बघत होती.

मी ओठ घट्ट मिटले. ही एकच उरलीय, ही नाही देणार. मग तिने पुन्हा म्हटली, जरा दुखावल्यासारखी. मी पेपराआडून ऐकलंच नाही की म्हणायची तशी. पुन्हा. पुन्हा.

लेक दारात आली, टाळी वाजवून म्हणाली, अय्या बाबा, आईचा आवाज लागला की! दुरुस्त झालं! तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, म्हणा ना, तुमची ओळ म्हणा ना.

आता लेकीला काय —

म्हटली.

१४ फेब्रुवारी

खंड्या म्हणजे पक्षी. निळा. एवढं लिहून ठेवतो. तो कोणाला काहीतरी शिकवत होता —

वर पहिल्या पानावर ती ओळ आहे. वाचली. कोणी लिहिली?

फाइलीत माझा आवाज आहे. तरुण. खुशीत. तिच्या आवाजाशेजारी. तिथे दोघं छान आहेत.

१५

दारात एक बाई उभी असते. बाबा म्हणते. साखर बरोबर घालते चहात.

बाजूच्या खोलीत एक माणूस तिला सांगत होता, माझ्या वडिलांचंही असंच झालं, पण बघ, आवाज तर राहिला ना —

कोपऱ्यात चादरीखाली एक पेटी. पट्ट्या आहेत. पांढऱ्या. त्या कशा

तारीख तीच

परत बोलावतेय. आवाज ओळखीचा. कोणाचा ते — भाजी निवडता निवडता बोलणाऱ्या कोणाचा तरी. प्रेमाचा आहे. एक उडाला रानामध्ये, एक राहिला खाली, म्हणते, आणि थांबते. थांबते तेव्हा छातीत काहीतरी ओढतं.

पुढची माझी. येते मला. ओठांवर आहे. म्हणायची नाही, म्हणून इथे लिहितो, म्हणजे ती इथेच —

कोण उडाला, कोण